सचिनचं कोपर

जुलैतल्या एका सकाळी माझ्या हातातून चहाचं पातेलं सुटलं. फार भरलेलंही नव्हतं, दोन कप असेल. सांडशीने धरून गाळणीवर तिरकं केलं आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला टाचणी खुपसावी तशी कळ आली. बोटांनी मला न विचारता सांडशी सोडून दिली. चहा ओट्यावर, पातेलं घरंगळत मोरीपाशी. आई आतून म्हणाली, "दूध महाग झालंय रे."

दुखणं महिनाभर होतंच. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे आधी डीबग करून पाहिलं. माऊस बदलला, उभा धरायचा तो महागडा आणला. खुर्ची वर केली, खाली केली. कीबोर्डखाली टॉवेलची घडी ठेवली. एक आठवडा डाव्या हाताने माऊस वापरला आणि सगळ्या टीमला चुकीचा ईमेल पाठवला. दुखणं जिथल्या तिथे. ढोलाचं नाव मात्र मी घेत नव्हतो. गणपती महिन्या-दीड महिन्यावर आलेले, आमच्या पथकाचा सराव रोज रात्री दोन तास चाललेला. कोपर दुखतंय हे पथकात कळलं असतं तर मला झांज दिली असती. झांज वाजवणाऱ्यांबद्दल आदर आहे, पण सहा वर्षं ढोल वाजवल्यावर कुणी झांज हातात घेत नाही.

पातेल्यानंतर मात्र दादरच्या एका फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. आई बरोबर आली. माझ्या काळजीपोटी नव्हे, तिला दादरहून महिन्याचे पैसे आणायचे होते. आई चपात्या पुरवते. लालबागच्या आमच्या खोलीत रोज दीडशे-एकशे साठ चपात्या होतात, डब्यात भरून एका पोळी-भाजी केंद्रात जातात. लालबागहून चपात्या म्हणून निघतात आणि दादरला पोहोचेपर्यंत त्यांच्या पोळ्या होतात.

फिजिओ माझ्याच वयाची असेल. तिने माझा हात टेबलावर पालथा ठेवायला लावला आणि म्हणाली, "मधलं बोट वर उचला. मी दाबते, तुम्ही दाबू द्यायचं नाही." एक बोट, एवढंच. मी ओरडलो.

"टेनिस एल्बो," ती म्हणाली.

मी हसलो. हा शब्द मला आठव्या वर्षापासून पाठ होता.

माझ्या वयाच्या कुणाही मुंबईकराला तो शब्द कुठून आला ते सांगावं लागणार नाही. २००४ सालचा पावसाळा. सचिनचा डावा कोपर दुखायला लागला आणि तो इंग्लंडमधली चॅम्पियन्स ट्रॉफी खेळला नाही. मग ऑस्ट्रेलिया आली. बंगळुरूची कसोटी त्याच्याशिवाय झाली, चेन्नईचीही. आमच्या चाळीत चाळिशीच्या आतल्या एकाही माणसाने टेनिसची रॅकेट हातात धरली नव्हती, पण टेनिस एल्बो म्हणजे काय यावर रोज संध्याकाळी जिन्यात परिसंवाद भरायचा. बॅट जड आहे हा पहिला पक्ष. लहानपणापासून दादाची बॅट वापरून सवय लागली हा त्याचाच पोटपक्ष. फार खेळवतात हा दुसरा. शिवाजी पार्कात दिवसाला तीन-तीन मॅच खेळल्याचं आता निघतंय, असं खालच्या मजल्यावरचे काका सांगायचे, जणू त्या मॅचेस त्यांनीच लावल्या होत्या. पेपरात कोपराचं चित्र आलं होतं, हाडं पांढरी, स्नायू लाल, दुखऱ्या जागी बाण. मी ते कापून विज्ञानाच्या वहीत चिकटवलं. बाईंनी त्याला शेरा दिला, 'छान'.

मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. आजीने सिद्धिविनायकाला नारळ बोलला होता, तो वाढवून आली. ऑपरेशननंतर कित्येक महिने बॅटच उचलता येईना, आता आपलं संपलं असं वाटलं होतं, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं. तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परत आला आणि ९३ काढले. डिसेंबरमध्ये दिल्लीला पस्तिसावं कसोटी शतक करून गावसकरांना मागे टाकलं. कोपर बरं झालं, सगळ्यांनी हुश्श केलं.

त्यानंतरची गोष्ट लोक कमी सांगतात. मार्च २००६, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी. एकवीस चेंडूंत एक धाव करून तो बाद झाला आणि घरच्या मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. माझा मामा त्या दिवशी स्टँडमध्ये होता. त्यानेही केली का, हे तो आजवर सांगत नाही, विषय बदलतो. काही दिवसांतच बातमी आली की सचिनचा खांदा गेलाय आणि पुन्हा लंडनला ऑपरेशन आहे. कोपराचं चित्र पेपरात छापून आलं होतं तोवर सगळ्यांना दया होती. खांद्याचं चित्र अजून आलं नव्हतं.

तर फिजिओने मला पेपरातलंच चित्र पुन्हा काढून दाखवलं, पेनाने, माझ्याच हातावर. मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या छोट्या हाडाच्या टोकाला एका पट्टीने बांधलेले असतात. आपल्याला वाटतं की मूठ आवळणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूचे. ते खरंही आहे, पण मूठ घट्ट आवळताना मनगट पुढे लोळू नये म्हणून बाहेरचे स्नायू तेवढ्याच जोराने मागे ओढून धरतात. म्हणून सांडशी धरली की कोपर दुखतं. टिपरू धरलं की दुखतं. पिळलं की दुखतं. सगळा ताण त्या एका पट्टीवर. तिला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे झीज व्हायला महिने आणि भरायलाही महिने.

"सूज आहे का?" मी विचारलं.

"नाव सुजेचं आहे, पण बहुतेक वेळा सूज नसते. धागे झिजून विस्कटलेले असतात. बर्फाने आणि गोळीने बरं वाटतं, धागे जुळत नाहीत."

आणि टेनिस? ते नाव नंतर मी शोधत बसलो, कारण कंपाइल होईपर्यंत करायला काहीच नव्हतं. १८७३ साली रुंगे नावाच्या एका जर्मन डॉक्टरने हे दुखणं पहिल्यांदा लिहून ठेवलं. त्याचा लेख होता लिहिणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांवर. म्हणजे कारकुनी हातावर. लॉन टेनिस तेव्हा नुकतं कुठे सुरू होत होतं. पुढच्या दहा वर्षांत ते इंग्लंडच्या बंगल्यांतून पसरलं, खेळणाऱ्यांची कोपरं दुखायला लागली आणि १८८३ च्या सुमाराला डॉक्टरांच्या मासिकांत 'लॉन टेनिस एल्बो' असं छापून येऊ लागलं. ते नाव चिकटलं. आजही ज्यांना हे होतं त्यांतल्या बहुतेकांनी टेनिस खेळलेलं नसतं.

क्लिनिकमध्ये मात्र मला हे माहीत नव्हतं. फिजिओने विचारलं, "या हाताने दिवसभर काय काय करता?" मी यादी सांगितली. कीबोर्ड, माऊस, लोकलमध्ये वरची कडी, बॅग. मग जरा थांबून ढोल.

"टिपरू किती घट्ट धरता?"

"सुटू नये एवढं."

ती हसली. म्हणाली की माऊसला उगाच दोष देताय, आणि तसंही तिच्याकडे या दुखण्याचे येणारे निम्मे लोक म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बायका. कणीक मळणं, लाटणं, चादरी पिळणं, सांडशी.

आई स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "बाहेरच्या बाजूलाच ना? बरणीचं झाकण फिरवताना?"

"हो. तुम्हालाही होतं का?"

"मला दहा वर्षं झाली."

"मग काय केलंत?"

"डाव्या हाताने उघडते," आई म्हणाली.

दहा वर्षांपूर्वी मी अठराचा होतो, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. माझ्या डब्याच्या चपात्या त्या कोपराने झाल्या. मी त्या क्लिनिकमध्ये हे असं काही बोललो नाही. मी म्हणालो, "आई, तू कधी सांगितलं का नाहीस?" आणि ती म्हणाली, "काय सांगायचं, हात दुखतो म्हणून?"

फिजिओने तिला उभं केलं. "दोन्ही हात वर करा." उजवा गेला. डावा खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला आणि पुढचं अंतर आईने अख्खा खांदा कानाकडे उचलून भरून काढलं. फिजिओने तिचं कोपर कुशीला टेकवलं आणि पंजा बाहेर फिरवायला सांगितलं, दार उघडतो तसा. फिरेना. मग फिजिओने स्वतः हळूच फिरवून पाहिला. तरीही फिरेना. जणू आतून कडी लावली होती.

"शुगर आहे का, मावशी?"

आईला सात वर्षं मधुमेह आहे.

याचं नाव फ्रोझन शोल्डर. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा गोळा. त्यामुळे तो शरीरातल्या कुठल्याही सांध्यापेक्षा जास्त फिरतो आणि त्यामुळेच दहीहंडीच्या दिवशी खालच्या थरातल्या पोरांचा निखळतोही. या सांध्याभोवती एक सैल पिशवी असते. ती जाड होते, आक्रसते आणि हात तिच्यात अडकतो. आधी काही महिने रात्रीची झोप उडवणारं दुखणं, मग दुखणं ओसरतं पण हात हलत नाही, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. हे नाव १९३४ साली कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने दिलं. जपानमध्ये म्हणे याला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. मधुमेह असलेल्यांना जास्त होतं. चपात्यांमुळे झालेलं नाही, हे फिजिओने दोनदा सांगितलं. कोपराची गोष्ट वेगळी आणि खांद्याची वेगळी, फक्त दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आल्या होत्या.

"केस विंचरता येतात का?" तिने विचारलं.

आणि तेव्हा मला जानेवारी आठवला. जानेवारीत आईने केस कापले होते. आयुष्यभर अंबाडा घालणारी बाई एका संध्याकाळी मानेपर्यंतचे केस करून आली. उकडतं म्हणाली. मी म्हणालो, मस्त दिसतेस, एकदम मॉडर्न. स्टेटसलाही फोटो ठेवला होता. अंबाडा घालायला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

परत येताना टॅक्सीत मी ते वाक्य बोललो ज्याची मला आता लाज वाटते. "बंद कर ना हे चपात्यांचं. मी कमावतोय की."

आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. परळ टीटीचा सिग्नल लागला. मग म्हणाली, "तुला आज डॉक्टरणीने नोकरी सोड म्हटलं का?"

"नाही."

"ढोल सोड म्हटलं?"

"सहा आठवडे थांब म्हटलं."

"मग मला कशाला सोड म्हणतोस?"

मी रात्री हिशोब मांडला. मला तेवढंच येतं. दिवसाला १६० चपात्या, वर्षाचे ३०० दिवस, बारा वर्षं. पाच लाख शहात्तर हजार. सचिनच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय धावा ३४,३५७. मी तिला फोनवर आकडे दाखवले. तिला सचिनचं काही वाटलं नाही. तिने पाच लाख शहात्तर हजाराला चपातीच्या दराने गुणायला लावलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "एवढे मिळाले? मग गेले कुठे?" ते माझ्या फीमध्ये गेले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

आमच्या घरात हे आधीही होऊन गेलंय, हे मला त्याच रात्री कळलं. आजी खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा घराघरांत खानावळ होती. गावाकडून आलेले एकटे कामगार, दोन वेळचं जेवण, महिन्याला पैसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आजी त्यात नव्हती. आजोबांना बायकोने बँकेत जाणं मंजूर नव्हतं. आजोबा साचेखात्यात होते. (त्यांच्या गिरणीच्या परिसरात आता काचेची ऑफिसं आहेत आणि मी त्यांतल्याच एका इमारतीत बसतो. लालबागच्या प्रत्येक इंजिनियरच्या लेखात हे वाक्य येतं, म्हणून उरकून टाकतो.) त्यांचा खांदा दुखायचा तेव्हा त्याला 'गिरणीचा खांदा' म्हणायचे, घरात त्यासाठी तेलाची वेगळी बाटली होती, रविवारी हाडवैद्याकडे जाणं व्हायचं. आजी रोज वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. तिच्या हाताबद्दल मी आईला विचारलं तर म्हणाली, "त्या कोपराला फडकं बांधायच्या, घट्ट. मला वाटायचं पदर भिजू नये म्हणून काहीतरी असेल."

कोपराच्या जरा खाली बांधलेला घट्ट पट्टा. फिजिओने मला लिहून दिलेला, वेल्क्रोचा, तो मी दादरच्या दुकानातून पाचशेला आणलेला. काम तेच, ओढ हाडापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत अडवायची. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, जेवणारे गावाला गेले आणि खानावळ बंद पडली. आजीचं कोपर त्यानंतर बरं झालं असावं. त्याबद्दल घरात कुणी बोललेलं आठवत नाही.

मला एक शॉर्टकट हवा होता, तो कबूल करतो. पथकातल्या एकाने सांगितलं की कोपरात इंजेक्शन घे, चार दिवसांत ढोल उचलशील. खरंही असतं ते. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की काही आठवडे दुखणं जवळजवळ जातं. पण वर्षभरानंतर पाहिलं तर इंजेक्शन घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिलेले दिसतात, असं अभ्यासांतून निघालंय. मी ते पेपर वाचले, दोनदा वाचले, आपल्या सोयीचं काही सापडतं का ते पाहिलं. सापडलं नाही. यंदा मी झांज घेतली.

आईसाठी आम्ही केईएमला गेलो. घरापासून चालत पंधरा मिनिटं. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण केईएममध्येच १९५३ साली सुरू झालं, पोलिओच्या साथीनंतर, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आईला त्याचं कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं ते बाकांवर बसलेल्या बायकांचं. दोन तासांत तिला चार फ्रोझन शोल्डर भेटले. एक भायखळ्याची शाळेतली शिक्षिका होती, फळ्यावर वर लिहिता येईना म्हणून सहा महिने फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहीत होती. मुलांना वाटायचं, बाईंची ही पद्धतच आहे.

आता घरी रोज सकाळी साडेसहाला असं दृश्य असतं. आई भिंतीकडे तोंड करून उभी, डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी भिंतीवरून वर चढवते. जिथे थांबतात तिथे मी पेन्सिलने रेघ मारतो आणि तारीख लिहितो. मी स्टुलावर, हात टेबलाच्या कडेवरून पालथा बाहेर काढलेला, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचं आणि मग दुखऱ्या हाताने एकट्याने, अगदी सावकाश, खाली सोडायचं. ताकद वर नेताना लागत नाही, खाली सोडताना लागते. पंधरा वेळा, तीनदा. हा इतका कंटाळवाणा व्यायाम आहे की मी मध्येच मोजायला विसरतो आणि आई भिंतीकडे बघत सांगते, "अकरा."

पहिले पाच आठवडे भिंतीवरच्या रेघा एकमेकींवरच पडत होत्या. एक तर आदल्या दिवशीच्या खाली होती. आई म्हणाली, ती मारू नकोस. मी मारली.

चपात्या बंद झाल्या नाहीत. ऑर्डर शंभरावर आली, आणि ते आईने स्वतः फोन करून केंद्रवाल्याशी ठरवलं, मला मध्ये पडू दिलं नाही. कणीक मळायचं मशीन मी आणलं. आठवडाभर ती त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघायची, कणीक कोरडी होते म्हणायची. मग एका सकाळी उठलो तर मशीन चालू होतं आणि आई बाजूला उभी राहून, दुसऱ्याचं काम बघतात तशी, त्यात थोडं थोडं पाणी घालत होती. लाटण्याची मूठ जाड केली, दोन्ही टोकांना बॅटची ग्रिप चढवून. ती मी शिवाजी पार्कजवळच्या स्पोर्ट्सच्या दुकानातून आणली. दुकानदाराने विचारलं, कुठली बॅट आहे? मी म्हटलं, आईची आहे.

गणपतीच्या आधी मोदकांच्या ऑर्डरी आल्या. दरवर्षी येतात. आईने दोनशे एकवीसला हो म्हटलं. मी चिडलो. फिजिओने काय सांगितलं होतं, तू काय करतेस, वगैरे.

"मोदकाला लाटणं लागत नाही," ती म्हणाली.

"उकड मळावी लागते ना? तीही गरम असताना."

"ती तू मळ. तुला यंदा ढोल नाहीये."

उकड वाफ जायच्या आत मळावी लागते. हात पाण्यात बुडवायचा, तेल लावायचं, तळव्याने रेटायचं, बोटांनी चिमटायचं नाही. पहिल्या परातीला माझे दोन्ही तळवे लाल झाले आणि उकडीत गाठी राहिल्या. आईने ती बाजूला सारली आणि दुसरी काढली. "मूठ आवळू नकोस," ती मागून सांगत होती, "सैल धर, सैल."